हरलेल्या साडूचा शिरा

सर्व आप्तेष्ट, हितचिंतक आणि विशेषतः सासुरवाडीकडील मंडळी यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक आपल्या धाकट्या साडूवर जळतो. हे जळणे किरकोळ स्वरूपाचे नसून दीर्घ मुदतीचे, मनापासूनचे आणि संपूर्ण शुद्धीत केलेले आहे. सदर बाब घरातल्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक होती. फक्त रीतसर जाहीर करायची राहून गेली होती. कृपया सर्वांनी जागेवर उभे राहून शांतता पाळावी.

बसा आता.

माझा साडू बॉक्सर आहे. हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड माणसांच्या वर्गातला, आणि व्यावसायिक. लोकांना वाटतं, मी त्याच्या विजयांवर जळत असेन. अजिबात नाही. तो जिंकत होता तोवर त्याच्याइतका गुणी साडू दुसरा नव्हता. मी जळतो ते त्याच्या पराभवांवर. त्याच्यासारखं हरता येणं माझ्या नशिबात नाही, हे माझं दुःख आहे.

मी अकोल्याचा. जठारपेठेत माझं फुलांचं दुकान आहे. बारशाची तोरणं, लग्नाचे मांडव, पुढाऱ्यांचे सत्कार आणि शेवटचा प्रवास, सगळ्याला आमचीच फुलं. सासरे अचलपूरच्या शिवेला भाजीपाला पिकवतात. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि धुऱ्यानं, शेताच्या बांधाला, झेंडू. त्या झेंडूपायी मी तिकडे जायला लागलो आणि झेंडूसोबत थोरली मुलगी घेऊन आलो. सासरे बोलत नाहीत. म्हणजे बोलता येतं, पण सासूबाई बोलत असताना दुसऱ्या कुणाला जागा उरत नाही, आणि त्यांनी ते फार वर्षांपूर्वी मान्य करून टाकलं. धाकटी मुलगी अमरावतीला दिली, ती या बॉक्सरला.

माणूस दार भरून येतो. मान नाहीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलंय. आवाज मात्र एवढा मऊ की फोनवर ऐकला तर वाटावं, बँकेतून कुणी ताई बोलून राहिल्या. दिवसा तो एका व्यायामशाळेत पोरांना शिकवायचा आणि अधूनमधून बॅग उचलून कुठल्यातरी शहरात जाऊन कुणालातरी झोपवून यायचा.

तो माझा सुवर्णकाळ होता.

कारण सासूबाईंना त्याचा धंदा बिलकूल पसंत नव्हता. एकदा तो जिंकून आला, गळ्यात मेडल, हातात पेढ्यांचा डबा. सासूबाईंनी डबा घेतला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "तो जो पडला, त्याले लागलं असन ना?"

"थोडंसं लागलं, आई," साडू म्हणाला.

"त्याची माय हाये?"

"असन."

"तिनं पाह्यलं असन?"

साडू जेवायला बसला. त्याच्या ताटात भाकर पडली, वांग्याची भाजी पडली, वर तूप पडलं नाही. माझ्या भाकरीवर मात्र तुपाची धार. "लोकाइच्या लेकराइले मारते आन् पेढे वाटते," सासूबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "आमचे थोरले जवाई पाहा, फुलाइचा धंदा. कोनाले काटाबी टोचत नाई." गुलाबाला काटे असतात हे मी सांगायला गेलो नाही. मी तूप खाल्लं.

अशी सुखात वर्षं गेली. साडू जिंकत राहिला, मी तूप खात राहिलो. सगळ्यांनी आपापलं काम करावं, यात माझी कधी तक्रार नव्हती.

मग तो हैदराबादला हरला.

तो हरेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, हाच घोळ झाला. साळीनं, म्हणजे बायकोच्या या धाकट्या बहिणीनं, मला आधीच फोन करून सांगितलं होतं, "भाऊजी, यावेळी मोठा हार करा. ते सकाळी बडनेऱ्याले उतरतीन, आपन सगळे टेसनावर जाऊ." मी मन लावून हार केला. पांढरी शेवंती, मधे लाल गुलाबाचे पट्टे, खाली मुठीएवढा झुपका. त्याच्या डोक्यावरून जाईल असा हार नेहमीच्या मापात बसत नाही. आधी सुतळी पोत्याच्या तोंडाला गुंडाळून माप घ्यावं लागतं. साळीला नवऱ्याची फाइट बघवत नाही, म्हणून तिनं रात्री फोन बंद करून ठेवलेला. आम्हाला बाकीच्यांना ती कुठे दिसते हे ठाऊक नव्हतं. थोडक्यात, बडनेऱ्याच्या फलाटावर आम्ही सगळे हार घेऊन उभे, आणि निकाल कुणालाच माहीत नाही. सासूबाई आल्या होत्या त्या त्याच्यासाठी नाही. त्यांना अमरावतीला डोळे तपासायचे होते.

गाडी थांबली. आधी बॅग उतरली, मग साडू. डावा डोळा भरताच्या वांग्यासारखा सुजून बंद. खालचा ओठ फाटलेला. आम्हाला पाहून तो हसायला गेला आणि ते त्याला दुखलं.

मी हार हातात धरून उभा. मनात विचार करत होतो की, एवढा मोठा हार आता कुठल्या देवाला बसेल. मारुतीलाच बसला असता. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून हार घेतला. त्या ठेंगण्या, त्यांचा हात त्याच्या छातीच्या वर पोचेना. तेव्हा तो आपल्या बॅगेवर खाली बसला. त्यांनी हार घातला, त्याच्या सुजल्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाप्पा, किती मारलं रे माह्या लेकराले."

नोंद घ्या. मी लग्न झाल्या दिवसापासून जवाईबापू होतो. तो एका संध्याकाळच्या मारात लेकरू झाला.

डोळ्यांचा डॉक्टर राहून गेला आणि वरात थेट अचलपूरला गेली. त्याला चावता येत नव्हतं, म्हणून सासूबाईंनी शिरा केला. साजूक तुपातला, वेलची घातलेला, कडेनं तूप सुटलेला. तो मोठ्या वाटीत त्याच्यासमोर आला. माझ्यासमोर आणि शेजारी बसलेल्या सासऱ्यांसमोर भाकर आली. मी वाटीकडे पाहिलं. सासूबाईंना माझी नजर कळली.

"तुमचे दात चांगले हायेत, जवाईबापू," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी भाकर मोडली.

तेव्हापासून घरात रीत पडून गेली. साडू हरला की बडनेऱ्याला हार, अचलपूरला शिरा. आणि त्या हैदराबादनंतर तो हरतच गेला. वय झालं होतं. या धंद्यात जड माणसं कमी, त्यामुळे म्हाताऱ्या हेवीवेटलाही बोलावणं येत राहतं. कुणा नव्या तगड्या पोराला नाव करायचं असलं की समोर उभा करायला एखादा जुना, इमानदार, लवकर न पडणारा माणूस लागतो. आयोजक आमच्या साडूला फोन करायचे. तो जायचा. दिल्लीला हरला, कोच्चीला हरला, दुबईला जाऊन हरला. मी आयुष्यात शेगावच्या पुढे फारसा गेलो नाही, आणि हा मार खायला विमानानं जाऊन राहिला.

प्रत्येक हार मीच करायचा, हे लक्षात घ्या. जळफळाटानं सुई बोटात शिरायची, पण हार उत्तम व्हायचा. धंदा तो धंदा.

मला आशा होती की कधीतरी तो चुकीच्या पद्धतीनं हरेल आणि सासूबाई विटतील. तो दिल्लीत शेवटच्या राऊंडपर्यंत उभा राहून गुणांवर हरला, तेव्हा मी सासूबाईंना सहज म्हणालो, "आई, यावेळी पडले नाईत. फार लागलं नसन."

"पडला असता तर सुटला असता न बाप्पा," सासूबाई म्हणाल्या. "शेवटलोक उभं राहून मार खाल्ला लेकरानं." आणि रवा भाजायला घेतला.

कोच्चीला तो पहिल्याच राऊंडमध्ये आडवा झाला. मला वाटलं, आता बरं सापडलं. म्हणालो, "आई, एकाच बुक्कीत आटोपलं. दुसरी लागलीच नाई."

"एका बुक्कीत एवढा मानूस पडला, म्हनजे कशी मारली असन मेल्यानं," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी शिऱ्यात काजू होते.

हरण्याची चुकीची पद्धत नसतेच, हे मला तेव्हा कळलं.

मग मीही प्रयत्न करून पाहिले. एका लग्नसराईत हाराची मोठी सुई माझ्या अंगठ्यात आरपार गेली. मी त्यावर पांढरं बँडेज बांधून घेतलं, जरा मोठंच, आणि अचलपूरची एसटी पकडली. ओसरीवर बसून अंगठा वर धरला. सासूबाई म्हणाल्या, "हळद लावा," आणि मिरच्या तोडायला निघून गेल्या. पुढल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. खरा, रिपोर्टसकट, सलाईनसकट. मी पलंगावर पडल्या पडल्या फोनची वाट पाहत होतो. फोन आला. सासूबाईंनी दोन वाक्यांत माझी चौकशी आटोपली आणि तिसऱ्यात बायकोला म्हणाल्या, "धाकट्याले सांगजो नोको वो. त्याची फाइट हाये, जीवाले लावून घेईन बिचारा."

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तोच कारभार. मी एका मांडवाचा फोटो टाकला, गुलछडीच्या लड्यांचं छत, लोक थांबून थांबून पाहत होते. त्यावर सासऱ्यांचा एक अंगठा आला. त्याच दिवशी साडूनं आपल्या फुटलेल्या भुवईचा फोटो टाकला. त्याखाली लाल हृदयांचा जो ढीग पडला, तो पाहून मला वाटलं, ही फुलं असती तर माझ्या दुकानातून घ्यायला पाहिजे होती.

बायको म्हणायची, "अवो, त्याच्या भुवईवर काहून जळता? तुमाले पाहिजे का टाके?"

मी म्हणायचो, "पाहिजे."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग एका दुपारी साळी दुकानात आली. एकटी, अमरावतीहून, न सांगता. ती स्टुलावर बसली, समोरच्या टोपलीतली शेवंती उगाच चिवडत राहिली.

"भाऊजी, याइले सांगा न बॉक्सिंग सोडायले," ती म्हणाली.

"काहून, काय झालं?"

"भाजीत दोनदा मीठ टाकलं त्याइनं परवा. खाऊन पाह्यली आन् परत टाकलं. दारात उभे राहतात आन् म्हनतात, मी कायले आलो होतो इथं. डॉक्टरनं सांगितलं, आता डोक्याले मार नाई पाहिजे. एकबी नाई."

"मग सोडायचं न."

"म्हनतात, हरून नाई सोडत. एक जिंकू दे, जिंकलो का त्याच दिवशी सोडतो." तिनं शेवंतीचं एक फूल पार पाकळ्या पाकळ्या करून टाकलं. "जिंकतीन कधी, भाऊजी? आन् तवरोक मारच खायचा?"

खरं सांगतो, माझा जळफळाट त्या क्षणी विझला. आणि दुसऱ्या क्षणी छाती फुगली. घरावर संकट आलं आणि घरचे कुणाकडे आले? थोरल्या जावयाकडे. मी गल्ल्यावरून उठलो, तिच्यासाठी चहा मागवला आणि अशा आवाजात "मी पाहतो" म्हणालो की समोरचा चहावालाही दबून गेला असावा.

रविवारी मी अमरावतीला गेलो. साडू व्यायामशाळेत एकटाच बसला होता, हातांवरच्या पट्ट्या सोडवत. मी सरळ विषयाला हात घातला.

"कायले खाता मार, भाऊ? सोडा आता."

"हरून कसं सोडू, भाऊ," तो आपल्या मऊ आवाजात म्हणाला. "लोक म्हनतीन, पळाला."

"लोक म्हणजे कोण? लोकांना तुमची फाइट कुठे दिसते हे पण माहीत नाही."

तो हसला. पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "खरं सांगू? मले माय नाई, लहानपनीच गेली. जिंकत होतो तवा आई माह्याकडं पाहतबी नव्हत्या. तुमाले तूप वाढायच्या, मले नाई. मले लय वाटायचं. आता हरलो तरी घरी बोलावतात. हात फिरवतात. मंग वाटते, बरं हाये, एक हरलो तर हरलो."

तर हे असं होतं. मी त्याच्या शिऱ्यावर जळायच्या किती तरी आधी तो माझ्या तुपावर जळत होता. मला एकदम फार आनंद झाला. एवढा की मी आलो कशाला होतो तेच विसरलो, आणि मला मार लागलेला नव्हता.

परतताना मूर्तिजापूरपर्यंत माझ्या डोक्यात सगळं स्पष्ट झालं. जिंकल्याशिवाय तो सोडणार नाही, हे झालं तोंडानं सांगायचं कारण. पण त्याला रिंगमध्ये परत परत पाठवत होता तो शिरा. शिरा बंद झाला तर हरण्यात काही गोडी राहणार नाही. मी त्याच आठवड्यात अचलपूर गाठलं. सासूबाई सांबाराच्या जुड्या बांधत होत्या, सासरे शेजारी बसून त्यांना कापलेल्या सुतळ्या देत होते. बायको सोबत होती. मी प्रसंगाला शोभेल असा गंभीर झालो.

"आई, एक सांगतो. धाकट्याचा जीव वाचवायचा असन तर त्याचा शिरा बंद करा."

सासूबाईंनी जुडी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या बायकोकडे पाहिलं.

बायकोनं कपाळाला हात लावला. "अवो, मानूस किती जळन. आता शिऱ्यापर्यंत आले तुमी?"

"मी जळून नाही सांगत. डॉक्टरनं..."

"डॉक्टरनं शिरा बंद सांगितला?" सासूबाईंनी विचारलं.

"मार बंद सांगितला."

"मंग मार बंद करा न. शिऱ्यानं काय केलं?"

मी सगळं समजावून सांगितलं. हार, गाल, लेकरू, शिरा, त्याचं काय होतं आणि तो परत का जातो. आयुष्यात पहिल्यांदा मी साडूच्या भल्याचं काही बोलत होतो, शब्दन् शब्द खरा होता, आणि एकाचाही त्यावर विश्वास नव्हता. इतकी वर्षं मन लावून जळल्याचा हा परिणाम. सासूबाई शेवटी एवढंच म्हणाल्या, "जवाईबापू, तुमालेबी खायचा असन तर सरळ सांगा. असं आडून नोका बोलू."

सासऱ्यांनी घसा खाकरला. मी आशेनं वळलो. त्यांनी पुढची सुतळी दिली.

मग फाइट ठरली, आणि ती अमरावतीतच. हॉलमध्ये, घरच्या लोकांसमोर, हरियाणाकडच्या एका तरुण पोराशी. साळीनं आईला गळ घातली, "तू ये. तू समोर असली तर जिंकतीन." सासूबाईंनी त्याची एकही फाइट कधी पाहिली नव्हती. त्या तयार झाल्या, पण येताना डब्यात भाजलेला रवा घेऊनच आल्या. निकालाआधी भाजलेला. मीही हार घेऊन गेलो. हार हरलेल्यासाठी असतो हे आता आमच्याकडे एवढं रुळलं होतं की कुणी मला सांगितलंही नव्हतं.

मी हार मांडीवर घेऊन बसलो आणि देवाला हात जोडले की, हा जिंकू दे. जिंकला तर सोडेल, साळीचा संसार वाचेल, त्याचं डोकं शाबूत राहील. आणि जिंकला तर तो पुन्हा भाकरीवर येईल. माझा स्वार्थ आणि परमार्थ त्या संध्याकाळी एकाच खुर्चीत बसले होते. एवढ्या स्वच्छ मनानं मी कधीच कुणाचं भलं चिंतलं नव्हतं.

पहिल्या राऊंडला पोरानं साडूला चांगलंच बडवलं. सासूबाईंनी पदर तोंडात धरला. दुसऱ्यात तेच. साडूचे पाय जड झाले होते, तो दोरांना टेकून मार अंगावर घेत होता, आणि साळी डोळे मिटून माझा शर्ट ओढत होती. "काय होऊन राह्यलं, भाऊजी?" ती दर वेळी विचारायची, आणि मी दर वेळी "चालू आहे" एवढंच सांगायचो. तिसऱ्यात पोरगं बेफिकीर होऊन पुढे आलं आणि साडूचा उजवा हात, जुना, जड, उगाच हवेत टाकल्यासारखा, त्याच्या भुवईवर बसला. भुवई फुटली. रक्त थेट डोळ्यात. रेफरीनं थांबवलं, डॉक्टर चढला, त्यानं डोळा पुसला, परत पाहिलं आणि मान हलवली. फाइट तिथंच संपली.

आता मजा पाहा. रेफरी दोघांच्या मधे उभा राहिला. साडूला एवढी सवय झालेली की, त्यानं आपल्या हातानं त्या पोराचा हात धरून वर केला आणि टाळ्या वाजवायला लागला. रेफरीनं तो हात खाली ओढला आणि साडूचा वर केला. साडू आपल्याच हाताकडे पाहत राहिला, जणू कुणी चुकून दुसऱ्याचा लावला आहे.

साळी रडायला लागली. मी उभा राहिलो, हार उचलला. म्हटलं, आज विजयाचा हार, आणि तोही माझ्या हातानं. तेवढ्यात हार माझ्या हातातून गेला.

सासूबाई निघाल्या होत्या. त्या साडूकडे गेल्याच नाहीत. खाली एका बाकावर ते हरियाणाचं पोरगं बसलं होतं, भुवईवर कापूस दाबून, शेजारी त्याचा एकच मास्तर. सासूबाईंनी त्याच्या गळ्यात हार घातला. माझा हार, साडूच्या मापाचा. तो त्याच्या गुडघ्यांपर्यंत लोंबला. मग त्यांनी त्याच्या गालावर हात ठेवला.

"बेटा, लय लगा क्या?" त्यांनी विचारलं. "तेरी माँ देखी क्या रे टीव्ही पे? उसको फोन कर पहले. फिर घर चल, शिरा बनाती मैं."

पोरगं बावरलं. त्यानं मास्तरकडे पाहिलं. मास्तरनं खांदे उडवले, कारण सासूबाईंनी त्याची बॅग आधीच उचलली होती.

अशा रीतीनं आम्ही सगळे साडूच्या घरी जेवायला बसलो. ओळीनं. आधी पाहुणा, गळ्यात हार तसाच, कारण काढू दिला नाही. मग साडू, मग मी, मग सासरे. सासूबाई आतून आल्या, पाहुण्यासमोर मोठी वाटी ठेवली. तुपात चमकणारा, वेलचीचा, काजू वर दिसणारा शिरा. आणि आम्हा तिघांसमोर भाकर.

साडूनं भाकरीकडे पाहिलं. मग वाटीकडे पाहिलं. त्याचा खालचा ओठ जरासा पुढे आला, नाकपुड्या आत गेल्या, आणि डोकं एका बाजूला कललं. तो चेहरा मला ओळखीचा होता. मी वर्षानुवर्षं आरशात तोच पाहिला होता. इतका अस्सल जळफळाट दुसऱ्याच्या तोंडावर पाहताना जे वाटलं, ते सांगायला माझ्या दुकानातली सगळी फुलं पुरणार नाहीत.

साळी दारात उभी होती. "आता सोडलं न?" तिनं विचारलं. "जिंकले न तुमी."

पोरगं शिरा खात होतं, सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. साडू ते पाहत होता. पाहता पाहता म्हणाला, "जिंकलो ते खरं. पन ते डॉक्टरनं थांबवलं म्हनून. अजून एकदा नीट..."

साळीच्या तोंडचा रंग गेला.

सासूबाईंचा हात पाहुण्याच्या पाठीवर थांबला. त्यांनी साडूची नजर कुठे आहे ते पाहिलं. वाटीत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मला कळलं, माझ्या भाकरीवरचं जुनं तूप त्यांना आता दिसलं होतं.

"थोरले सांगत होते ते खरंच हाये," त्या हळूच म्हणाल्या. मग उठल्या, साडूच्या समोर येऊन बसल्या. "आइक, बाप्पा. पुढल्या येळी मार खाऊन आला, तर तुले माह्या हातचा शिरा नाई भेटनार. टाके पडले तरी भाकर. जबडा मोडला तरी भाकर, पान्यात बुडवून देईन. आन् घरी बसला, तर हा हात हाये." त्यांनी त्याच्या न सुजलेल्या, धडधाकट गालावर हात ठेवला. त्यासाठी त्याला वाकावंही लागलं नाही, तो बसलेलाच होता.

त्यानं डोळे मिटले. "सोडलं, आई," तो म्हणाला. साळी आत निघून गेली, आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

पोरगं चमचा हातात धरून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होतं. त्याला भाषा समजत नव्हती आणि आपण काय तोडलं आणि काय जोडलं याचा पत्ता नव्हता. मी मनातल्या मनात "थोरले सांगत होते ते खरंच हाये" हे वाक्य घोळवत होतो आणि ते ग्रुपवर कसं टाकावं याचा विचार करत होतो.

शेजारी सासऱ्यांनी घसा खाकरला. यावेळी मी वळलोच नाही. आणि त्यांनी हातातली भाकर ताटात ठेवली, पाहुण्याच्या वाटीकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सत्यनारायनाचा सोडला, तर लग्न झाल्यापासून मले कोनं एकदाबी शिरा देल्ला नाई."